भिंगरीचा पुढचा उजवा पाय

प्रिय ठोंब्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, मग हसशील. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, दिवसातून तीनदा फोन करून तुझं डोकं खाणारी बहीण पत्र लिहिते, म्हणजे एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर हिचं डोकं फिरलं. कुणी गेलेलं नाही. डोक्याचं नक्की सांगता येत नाही. हे पत्र दारातच उभ्याउभ्या वाचू नकोस. काचांची पेटी खाली ठेव, पाणी पी, खुर्चीत बस. आणि तुझी टिल्ली शिकवणीहून परत यायच्या आत वाचून संपव. ती सातला येते, तू सहाला येतोस, म्हणून मी हे त्याआधी तुझ्या पत्रपेटीत टाकणार आहे. सरळच सांगते, मला भीती वाटते आहे. रविवारी टिल्लीची भिंगरी कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या अंतिम फेरीत धावणार आणि तिच्या पुढच्या उजव्या पायाची मला भीती वाटते आहे. हे पहिल्याच पानावर लिहून टाकलं ते बरं केलं, नाहीतर मी चार पानं हवापाण्यावर काढली असती. आता बाकीचं मला जमेल तसं सांगू दे. तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा पत्राचा मोठाच फायदा आहे.

आज गुरुवार, दुपारनंतर आमचं कुत्र्यांचं उपचार केंद्र बंद असतं. काउंटरवरच्या मावशी किल्ल्या माझ्या हातात देऊन गेल्या. मी व्यायामाच्या खोलीत रबराच्या चटईवर बसले आहे, पाठीला भिंत, मांडीवर वही. शेजारी पाण्याची पेटी रिकामी होते आहे, तीच, जिची पुढची काच गळायला लागली तेव्हा तू दोन रविवार घालवून बसवून दिलीस आणि वर मला ऐकवलंस, की कुत्र्यांना चालायला काचेचा महाल आणि माणसांना फूटपाथसुद्धा नाही. पाणी गळगळ करत जातं आणि शेवटी नळी एक मोठा आवंढा गिळल्यासारखा आवाज करते. बारा वर्षं मी तो आवाज ऐकते आहे. आज तो आला तेव्हा मी एवढी दचकले की पेन हातातून पडलं. आणि पेन पडलं हे मला आवाजावरून कळलं. पण ते पुढे येईलच.

चौदा आठवड्यांपूर्वीचं तुला सांगायची गरज नाही, तू कुंपणाला लागूनच उभा होतास. तरी मला ते एकदा लिहून काढू दे. टिल्लीने उतरत्या फळीशी थांबायचा हात दाखवला, भिंगरीने फळीचं टोक येईपर्यंत थांबायचं सोडून वरूनच उडी टाकली, पुढच्या दोन पायांवर आदळली, आणि तरीही उरलेले चार अडथळे आणि बोगदा पुरा करून, शेवटची रेघ ओलांडून, मगच लंगडायला लागली. खेळाडू कुत्र्यांचं हे असंच असतं. आपल्याला ठेच लागली तर आपण सगळ्या गल्लीला ऐकवतो. ही जात शर्यत संपेपर्यंत कुणाला काही कळू देत नाही. सोनोग्राफीत दिसलं, की मनगटामागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, तिचे एक तृतीयांश धागे तुटलेत. पहिले सहा आठवडे पायाला पट्टी, जिने बंद. टिल्ली ती अठरा किलोची धोंड दिवसातून चार वेळा तीन मजले उचलून चढवत होती आणि मधल्या मजल्यावरचे आजोबा विचारायचे, की कुत्रीला लिफ्ट हवी होती तर आम्हाला का नाही सांगितलं. मग दोरीला धरून पाच मिनिटांचं चालणं, मग दहा. मग पाण्यातला चालता पट्टा, कारण पाण्यात वजन निम्मं होतं आणि पायाला काम मात्र पूर्ण होतं. मग जमिनीलगत ठेवलेल्या काठ्यांवरून पाय उचलून चालणं, हवेच्या उशीवर उभं राहणं. तेरा वर्षांच्या पोरीने एक दिवस चुकवला नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना मी तिचं उदाहरण देते.

सगळ्यांना माहीत आहे, की मी यंत्रं नंतर लावते. आधी हात. माझ्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी सांगितलेलं, की डोळे मीट, दोन्ही पाय एकदम धर, दुखरा आणि चांगला, आणि कुत्र्याचं तोंड विसर, मालकाचं तोंड तर विसरच. बोटांच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, पुढच्या बाजूने जाडी बघायची. बरी होत आलेली कंडरा गार आणि बारीक लागते, पेन्सिलीसारखी. आतून धुमसत असेल तर शेजारच्या पायापेक्षा चिमूटभर गरम लागते, आणि बोट फिरवलं की ओल्या चामड्यासारखी किंचित चिकटते. चिमूटभरच. तेवढ्यावर सगळं अवलंबून असतं, कारण ती धुमस दिसत नाही, कुत्रं लंगडत नाही आणि बहुतेक वेळा सोनोग्राफीच्या आधी ती हातालाच कळते. आमच्या सर्जनबाई कुणाचंही पटकन ऐकून घेत नाहीत, पण माझ्या हाताने ठीक म्हटलं तर त्या पुन्हा तपासणीसुद्धा लिहून देत नाहीत. याचा मला केवढा ताठा होता, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं. ते जुने पोस्टमास्तर आठवतात, लांब पायांचा, शर्यतीचा काळा कुत्रा घेऊन येणारे? मी त्या कुत्र्याला तपासून ठीक म्हटलं होतं. दहा दिवसांनी त्याची पहिली शर्यत, आणि पोस्टमास्तरांनी आग्रहाने बोलावलं म्हणून मीही गेले. तो वळणावर आला, आतल्या बाजूला झुकला, आणि फट् असा आवाज झाला. फार मोठा नाही. वाळलेली काटकी पायाखाली यावी एवढाच. तो पडला नाही रे. तो पुढे चालत राहिला, आणि प्रत्येक पावलाला त्याचं पुढचं मनगट जमिनीला टेकत होतं, आपण टेबलावर तळहात टेकवतो तसं, सपाट. पंजाच्या जागी पंजा नव्हता, सगळा पाय कोपरापर्यंत जमिनीवर येत होता, आणि तो शेपूट हलवत पोस्टमास्तरांना शोधत होता. असं झालं की मनगटात धातूची पट्टी ठोकून ते कायमचं ताठ करतात. कुत्रं जगतं, चालतं. धावत नाही. पोस्टमास्तर दुसऱ्या दिवशी केंद्रावर आले आणि मला वाटलं आता ते ओरडणार. त्यांनी माझे आभार मानले. म्हणाले, तुम्ही होतं तेवढं सगळं केलंत, नशीबच फुटकं. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि धरून ठेवले. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. तू विचारलंस, बारीक का होते आहेस, आणि मी म्हटलं डाएट. तुला ते पटलं याचाच मला राग आला.

कारण मला माहीत होतं, की नशिबाचा यात काही संबंध नाही. हे चार महिन्यांपूर्वी सुरू झालं, निदान मला तेव्हा कळलं. शेकायच्या पिशव्या आम्ही एका गरम पाण्याच्या डब्यात ठेवतो, चिमट्याने काढतो आणि टॉवेलात गुंडाळतो. मी एक पिशवी काढून हातात घेऊन उभी होते, एका कुत्र्याच्या मालकिणीशी गप्पा मारत. मावशी दारातून किंचाळल्या, की अहो ताई, हात! मी खाली बघितलं तर चिमटा टेबलावर आणि पिशवी माझ्या उघड्या तळव्यावर. कातडी लाल झालेली, दोन ठिकाणी फोड येत होते. मला काहीच लागलं नव्हतं. मी हसून म्हटलं, हात निबर झालेत, आणि मावशी म्हणाल्या, तुमच्या हातांचा विमा काढायला हवा. मग मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि एक बोट नळाखाली धरलं. आधी गार, मग गरम. मला पाण्याचा दाब कळत होता. गार की गरम ते कळत नव्हतं. दहाही बोटं करून बघितली. मग तिथेच फरशीवर बसले.

डॉक्टरकडे गेले होते. इथल्या नव्हे, तीन बस बदलून लांबच्या, जिथे मला कुणी ओळखणार नाही. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवर कधी कापूस, कधी टाचणी टेकवून विचारू लागले, की आता काय लागतंय. आणि मी, तुझी पन्नाशीला आलेली बहीण, डोळा किलकिला करून कॉपी केली. शाळेत तुला कॉपी करताना पकडलं तेव्हा घरी मीच तुझा कान पिरगाळला होता. डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी टाचणी खाली ठेवली, रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, हे लपवून कमी होत नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. तिची घडीसुद्धा मी उलगडलेली नाही. मला वाटायचं, कागद उघडला नाही तोवर माझं काम माझंच आहे. या हातांखेरीज मला दुसरं काय येतं, सांग.

आणि आई. आईचं आठवतं तुला? ती चुलीवरचं भांडं हातानेच उतरवायची, फडकं नको की सांडशी नको. आपण शेजारच्या पोरांना बोलावून ते दाखवायचो, की बघा, आमच्या आईचे हात लोखंडाचे. ती पण आपली कौतुकाने पुन्हा उचलून दाखवायची. आणि तुला ताप आला की ती मला हाक मारायची, तू बघ गं, तुझा हात चांगला आहे. मला केवढी मोठी झाल्यासारखं वाटायचं. तिला स्वतःच्या हाताला तुझा ताप कळत नव्हता, हे मला चाळीस वर्षांनी, त्या स्वच्छतागृहाच्या फरशीवर बसल्यावर कळलं. मग पुढे तिच्या पायाला भाजलं आणि दोन दिवस तिच्या लक्षातच आलं नाही, ती जखम चिघळत गेली, ते सगळं तुला ठाऊक आहे. आपण म्हणायचो, तिने अंगावर काढलं. तिने अंगावर काढलं नव्हतं रे. तिला लागलंच नव्हतं. मी हल्ली रोज सकाळी खिडकीत बसून तळपाय बघते, आरशात, दोन्ही. अजून काही नाही.

तर मी काय केलं, ते आता. मी सांगायला हवं होतं. मी लपवलं, आणि लपवण्यात तुझी बहीण किती हुशार आहे ते ऐक. पहिले काही आठवडे मी गालाने काम चालवलं. कुत्र्याच्या पायाशी वाकायचं, लाड करतेय असं दाखवायचं, आणि गाल आधी एका पायाला लावायचा, मग दुसऱ्या. गालाला अजून सगळं कळतं. लोकांना वाटायचं, बाई किती माया करतात. एका मालकाने तर फोटो काढला, तो आमच्या दर्शनी भिंतीवर लावलाय. पण गालाला जाडी कळत नाही, चिकटणं कळत नाही, आणि चावऱ्या कुत्र्यापाशी गाल नेता येत नाही. पोस्टमास्तरांचा काळा चावरा होता. मग मी दुसरी युक्ती काढली. पूर्वी आपला नियम काय, तर कुत्रं आलं की अर्धा तास शांत बसू द्यायचं, कोरड्या पायांवर हात ठेवायचा, आणि त्यानंतरच पाणी. मी तो क्रम उलटा केला. आधी पाण्यात चालवायचं, मग तपासायचं. मावशींनी विचारलं तर म्हटलं, स्नायू मोकळे झाल्यावर नीट कळतं. खोटं. कोमट पाण्यातून वीस मिनिटांनी बाहेर आलेल्या कुत्र्याचे चारही पाय गरम असतात. मग कुणाचाही हात ठेवा, कुणालाच काही सांगता येत नाही. माझ्या हाताला जे कळत नव्हतं ते दुसऱ्या कुणालाही कळू नये, अशी सोय मी करून ठेवली. या कामात याच्याहून मोठं पाप नाही. आणि मी ते रोज, पांढरा कोट घालून, हसतमुखाने करत होते.

गेल्या शनिवारी तू भिंगरीला आणलंस ते रविवारच्या दाखल्यासाठी. दुखापत झालेल्या कुत्र्याला माझ्यासारख्या कुणाच्या सहीशिवाय अंतिम फेरीत घेत नाहीत. टिल्लीची परीक्षा होती म्हणून ती आली नव्हती. सर्जनबाईंनी विचारलं, पुन्हा सोनोग्राफी करायची का, आणि मी दारातूनच हात वर करून दाखवला, की हे आहेत ना. भिंगरी पाण्यातून बाहेर आली. तू गुडघे टेकून तिला टॉवेलने पुसत होतास. मी तिचे दोन्ही पाय धरले, डोळे मिटले आणि काहीही, अगदी काहीही कळलं नाही. दोन लाकडं धरल्यासारखं. मी मनात दहा आकडे मोजले, तोंडावर विचार करतेय असा भाव आणला, आणि म्हटलं, छान, पेन्सिलीसारखी झालीय. आणि तेवढ्यात तू टॉवेल खांद्यावर टाकलास, तुझा तो हात, काचांनी जागोजागी कापलेला, अंगठ्यावर टाक्यांची रेघ असलेला, तिच्या उजव्या पायावर ठेवलास, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. आणि म्हणालास, ताई, हा जास्त गरम नाही का गं?

मी काय म्हटलं ते तू विसरला असशील. मी विसरलेले नाही. मी म्हटलं, पाण्यातून आलीय, गरमच लागणार. तू म्हणालास, नाही, पण हा त्याच्यापेक्षा. आणि मी मावशींच्या देखत हसले आणि म्हटलं, काचा कापून कापून तुझ्या हातांची चाळण झालीय, तुला काय कळणार, तू आपल्या खिडक्या बसव. मावशी हसल्या. तूही हसलास, कारण मी काही म्हटलं की तू नेहमी हसून सोडतोस. आणि मी सही केली. पाच दिवस झाले. पाच दिवस मी तो काळा कुत्रा बघते आहे, सपाट मनगट टेकत येणारा, फक्त त्याच्या जागी भिंगरी असते आणि शेवटच्या रेघेपाशी हात पसरून उभी असलेली टिल्ली असते. भिंगरी थांबणार नाही, ठोंब्या. तुटलेल्या पायावरही ती पोरीपर्यंत येईलच. हे सांगायला तुला सहा वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी तू फोन उचलून काहीतरी पांचट विनोद केलास आणि मी भाजीचा भाव विचारून ठेवून दिला. समोर उभं राहून हे माझ्याने बोलवलं नसतं, तू मला सावरायला लागला असतास, म्हणाला असतास, ताई, उगाच घाबरतेस. आणि मी ते मानलं असतं. मला तेच मानायचं होतं.

तुझा हात बरोबर होता. हे मी तुला लिहून देते, वाटल्यास फ्रेम करून लाव, काच तुझ्याकडे आहेच. दाखला मी मागे घेते आहे. तसं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं आहे आणि उद्या दहाला स्पर्धेची कचेरी उघडली की ते मी स्वतः देणार, तू हो म्हण किंवा नाही म्हण. सर्जनबाईंना आज दुपारी सगळं सांगितलं. चार महिन्यांत मी ठीक म्हटलेलं प्रत्येक कुत्रं त्या पुन्हा तपासणार आहेत, आणि उद्या सकाळी नऊला भिंगरीची सोनोग्राफी आहे, तिला उचलून आण, चालवू नकोस. उद्यापासून मी केंद्रावर नसेन, म्हणून किल्ल्या मावशींच्या घरी टाकूनच तुझ्याकडे येते. पोस्टमास्तरांकडेही जायचं आहे, पण अजून माझं धाडस होत नाही. मग हे पत्र कशाला, तर टिल्लीसाठी. भिंगरीला लागलं त्या दिवशी ती तुझ्या गाडीत रडत काय म्हणत होती ते तूच मला सांगितलंस, की बाबा, मी हात उशिरा दाखवला. नाव रद्द झाल्याचं तिला रविवारी फाटकावर कळलं, तर ती पुन्हा स्वतःतच चूक शोधेल. तिला आज घरात, तुझ्या तोंडून कळू दे, की तिने एक दिवस चुकवला नाही, भिंगरीनेही काही कमी केलं नाही, आत्याला चार महिने काही लागत नव्हतं आणि आत्याने ते सांगितलं नाही. हेच शब्द वापर, गोड करू नकोस. आणि तू स्वतः एकदा बोटं नळाखाली धरून बघ, तिचीही बघ, आईचे आपण दोघेही आहोत. तू हे वाचशील तेव्हा मी तुमच्या इमारतीसमोरच्या बाकावर बसलेली असेन. टिल्ली येताना मला बघेल, तिला सांगेन की बाबांकडे जा आधी. नंतर तिला खिडकीतून ओरडायचं असेल तर ओरडू दे, वर बोलवायचं असेल तर तिलाच बोलवू दे. मी मात्र मान वर करून बघणार नाही, कारण खिडकीत कुणी नसेल याची मला फार भीती वाटते.

तुझीच, सही मागे घेतलेली,
ताई